कॅमेरा बघत होताच, आता तो ओळखू लागलाय

डिसेंबर २०२५मध्ये मुंबईत मायक्रोसॉफ्टच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी एक घोषणा केली. नागपुरातल्या २३ पोलीस ठाण्यांत सुरू असलेली 'महाक्राइमओएस एआय' ही प्रणाली राज्यातल्या सगळ्या, म्हणजे ११०० पोलीस ठाण्यांत नेली जाणार. त्याआधी २०२४मध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी एआय तयार करायला 'मार्व्हल' नावाची स्वतंत्र कंपनी काढली होती. २०२५च्या आषाढीला पंढरपुरात गर्दी मोजायला एआय आलं, आणि २०२७च्या नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थाची तयारी तर एआय कॅमेऱ्यांशिवाय बोललीच जात नाही.

या बातम्या वाचून घरोघरी दोन वाक्यं ऐकू येतात. "आता चोरांची खैर नाही" हे पहिलं. "आता आपलीच खैर नाही" हे दुसरं. दोन्ही घाईची आहेत. एआय या दोन अक्षरांखाली पोलिसांची निरनिराळी कामं एकत्र बांधली जातात, आणि त्यातली काही निरुपद्रवी आहेत, काही अजिबात नाहीत.

## कोणतं एआय?

महाक्राइमओएस हे मुख्यतः कागदाचं काम करणारं एआय आहे. सायबर फसवणुकीची फिर्याद आली की ती वाचायची, बँक खाती, मोबाईल नंबर, तारखा वेगळ्या काढायच्या, तपासाची पुढची पावलं सुचवायची, बँकेला आणि मोबाईल कंपनीला पाठवायच्या नोटिशीचा मसुदा करून द्यायचा. ज्या ठाण्यात एका तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर गुन्ह्यांच्या फायलींची थप्पी असते, तिथे ही मदत खरी आहे. त्यात चुका होतील, फिर्यादीतली खासगी माहिती कुठल्या सर्व्हरवर जाते हेही विचारायला हवं. पण हे कोणावर पाळत ठेवणं नाही.

गर्दी मोजणं हे दुसरं काम. घाटावर माणसं किती, कुठल्या बाजूने लोंढा येतोय, एवढंच यंत्राला हवं असतं. कोण आलं, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, निदान नसायला हवं. २००३च्या नाशिक कुंभमेळ्यात चेंगराचेंगरीत ३९ जण गेले, हे आठवलं की या कामाला नाही म्हणवत नाही.

तिसरं काम गाडीचा नंबर वाचण्याचं. ते आपल्या रोजच्या ओळखीचं झालंय, कारण ई-चलान त्यातूनच येतं.

चौथं काम चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याचं, आणि पाचवं गुन्हा कुठे किंवा कोणाकडून होईल याचा अंदाज बांधण्याचं. खरा वाद या शेवटच्या दोन कामांचा आहे, म्हणून पुढचा बराचसा मजकूर त्यांच्यावरच आहे. बातमीत मात्र पाचही कामं 'पोलीस होणार हायटेक' या एका मथळ्याखाली येतात.

## चेहरा ओळखतो म्हणजे काय करतो?

यंत्राला चेहरा दिसतो तसा आपल्याला दिसत नाही. ते आधी चित्रात चेहरा कुठे आहे ते शोधतं. मग डोळे, नाक, जबडा अशा ठेवणीवरून त्या चेहऱ्याची काही शे आकड्यांची एक माळ तयार करतं. तुमच्या दोन वेगळ्या फोटोंच्या माळा एकमेकींच्या जवळ याव्यात आणि दुसऱ्याची माळ लांब राहावी, असं त्याला लाखो फोटोंवर शिकवलेलं असतं. ओळखणं म्हणजे दोन माळांमधलं अंतर काढून साम्याचा एक गुण देणं. 'हा तोच माणूस' असं यंत्र कधीच सांगत नाही. 'साम्य इतकं' एवढंच सांगतं.

किती साम्य आलं की घंटा वाजवायची, हे माणूस ठरवतो. ही मर्यादा म्हणजे चाळणीच्या भोकांचा आकार. भोकं मोठी ठेवली तर खडेही धान्याबरोबर खाली येतात, बारीक ठेवली तर खड्यांबरोबर धान्यही वर अडकतं. खडे सगळे वर आणि धान्य सगळं खाली, अशी चाळणी कोणत्याही कंपनीकडे नाही.

दिल्ली पोलिसांनी ही भोकं कुठे ठेवली आहेत, ते २०२२मध्ये डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनला माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून कळलं. ८० टक्क्यांच्या वरचं साम्य ते जुळणी मानतात. त्याखालचं साम्य चुकीचं धरलं जातं, पण इतर पुरावा असेल तर त्या माणसाचीही पडताळणी होऊ शकते, म्हणजे तोही पूर्ण सुटला असं नाही. ८० टक्के साम्य म्हणजे 'हा तोच असण्याची शक्यता ८० टक्के' असा अर्थ होत नाही, ही मेख लक्षात ठेवण्यासारखी. तो कंपनीच्या पट्टीवरचा एक गुण आहे. दुसऱ्या कंपनीच्या पट्टीवर त्याच दोन फोटोंना वेगळा गुण पडेल.

आणखी एक फरक. फोन चेहऱ्याने उघडतो किंवा विमानतळावर डिजियात्रेचं दार उघडतं, तेव्हा यंत्राला एकच प्रश्न असतो: हा चेहरा आणि साठवलेला तो चेहरा एकच का? तुम्ही समोर उभे असता, उजेड नीट असतो, आणि चूक झाली तर फार तर पिन टाकावा लागतो. गर्दीतून माणूस हुडकताना प्रश्न असतो: हा चेहरा यादीतल्या हजारो किंवा लाखो चेहऱ्यांपैकी कोणाचा? शिवाय इथे फोटो खांबावरून, तिरपा, हेल्मेट काढता काढता टिपलेला. "माझा फोन तर मला अंधारातही ओळखतो" हा अनुभव इथे कामाचा नाही.

## दहा लाखांची गर्दी, शंभर फरारी

समजा, एका पर्वणीला घाटाकडे दहा लाख माणसं जाताहेत आणि त्यात पोलिसांना हवे असलेले शंभर फरारी आहेत. यंत्र आपण भलतंच हुशार धरू. शंभरातले ९९ फरारी ते पकडतं, आणि निर्दोष माणसाच्या बाबतीत शंभरात एकदाच चुकतं. विक्रेता याला छातीठोकपणे '९९ टक्के अचूक' म्हणेल.

आता हिशेब मांडू. फरारी सापडले ९९. निर्दोष माणसं ९ लाख ९९ हजार ९००, त्यांचा एक टक्का म्हणजे ९,९९९. एकूण घंटा वाजल्या १०,०९८ वेळा, आणि त्यातल्या ९९ खऱ्या. पोलीस शिपाई ज्याचा दंड धरेल, त्या शंभरांतला एकच जण खरा.

चूक दहापट कमी केली, हजारात एक, तरी एका खऱ्यामागे दहा खोटे उरतात. यंत्रात बिघाड आहे म्हणून हे होत नाही. शोधायची माणसं मूठभर आणि तपासायची माणसं समुद्राएवढी असली की असं होणारच.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. जून २०१७मध्ये वेल्समधल्या कार्डिफला चॅम्पियन्स लीग फुटबॉलची अंतिम लढत होती. साउथ वेल्स पोलिसांनी तिथे चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले. यंत्राने २,४७० माणसं 'सापडली' म्हणून दाखवली. त्यातली २,२९७ चुकीची निघाली. तेव्हापासून तंत्र बरंच सुधारलंय, हे मान्य. पण गणिताचा सांगाडा तोच आहे.

चूक सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही, हेही आता मोजलं गेलंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण आणि तंत्रज्ञान संस्थेने २०१९मध्ये ९९ कंपन्या-संस्थांची १८९ सॉफ्टवेअर तपासली. त्यातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये गोऱ्या चेहऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांची खोटी जुळणी दहा ते शंभरपट जास्त होत होती. आशियात तयार झालेल्या काही सॉफ्टवेअरमध्ये आशियाई चेहऱ्यांबाबत हा फरक तेवढा दिसला नाही. म्हणजे यंत्र कोणाच्या फोटोंवर शिकलं, यावर सगळं अवलंबून. मग गडचिरोलीच्या, नंदुरबारच्या, मणिपूरच्या चेहऱ्यांवर आपल्याकडची प्रणाली कशी चालते, याची चाचणी खरेदीच्या आधी व्हायला हवी आणि तिचा निकाल लोकांसमोर यायला हवा.

## "पण शेवटी ठरवतो तर माणूसच ना?"

पोलिसांचं नेहमीचं उत्तर हेच असतं: यंत्र फक्त सुगावा देतं, अटक अधिकारीच करतो. कागदावर हे बरोबर आहे. डेट्रॉईटमध्येही कागदावर असंच होतं.

तिथे २०१८मध्ये एका दुकानातून घड्याळं चोरीला गेली. दुकानातल्या कॅमेऱ्याचं अंधुक चित्र यंत्राला दिलं. यंत्राने रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाच्या जुन्या वाहन परवान्याचा फोटो काढून दिला. पुढे त्याचा फोटो इतर पाच फोटोंबरोबर दुकानाच्या सुरक्षा कर्मचाऱ्याला दाखवला गेला, ज्याने चोरी प्रत्यक्ष पाहिलीच नव्हती, फक्त चित्रफीत पाहिली होती. त्याने विल्यम्सवर बोट ठेवलं. जानेवारी २०२०मध्ये पोलिसांनी विल्यम्सला त्याच्या घरासमोर, बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या. चौकशीत त्याने चोराचा फोटो उचलून आपल्या चेहऱ्याशेजारी धरला. दोघांत फारसं साम्य नाही, हे समोरच्यालाही दिसत होतं. तरी त्याने सुमारे ३० तास कोठडीत काढले.

या प्रकरणात दोन पुरावे होते असं वाटतं: यंत्राची जुळणी आणि साक्षीदाराची ओळख. प्रत्यक्षात पुरावा एकच होता. यंत्राने लाखो फोटोंमधून चोरासारखा दिसणारा माणूस निवडून दिला. मग ओळख परेडमध्ये साक्षीदाराने तोच निवडला, कारण तो चोरासारखा दिसत होता. दुसरं पाऊल पहिल्याची सावली आहे. २०२४मध्ये डेट्रॉईट पोलिसांनी विल्यम्सशी तडजोड केली, तीन लाख डॉलर दिले, आणि नियम बदलला: केवळ यंत्राच्या जुळणीवर अटक नाही, आणि जुळणीनंतर थेट फोटो-ओळख परेडही नाही.

आपल्याकडच्या ठाण्यात हे कसं घडेल, याची कल्पना करायला फार ताण द्यावा लागत नाही. वरून तपासाची घाई, पडद्यावर लाल चौकट आणि शेजारी आकडा. 'साहेब, सिस्टीमने दाखवलंय' या वाक्यापुढे नवा उपनिरीक्षक किती वेळ स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवेल?

## यादीत कोण आहे?

माझ्या मते या साऱ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा प्रश्न हा आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे सगळे सांगतात. यंत्र चेहरा कोणत्या यादीशी ताडून बघतं, हे कोणी सांगत नाही.

फरारी आणि तडीपार यांची यादी असेल तर बऱ्याच जणांची हरकत नसेल. पण याद्या वाढत जातात. महाराष्ट्र पोलिसांची 'अँबिस' ही प्रणाली बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळं आणि चेहरे एकत्र साठवते. २०२२मध्ये ब्रिटिशांच्या १९२०च्या जुन्या कायद्याच्या जागी फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आला. त्याने गुन्हा सिद्ध झालेल्यांबरोबरच नुसत्या अटक झालेल्यांचीही मोजमापं घेण्याची वाट रुंद केली: ठसे, फोटो, बुबुळ, सही, हस्ताक्षर. या नोंदी ७५ वर्षं ठेवता येतात. ज्याच्यावर आधीचा दोष नाही असा माणूस निर्दोष सुटला तर नोंद नष्ट करायची तरतूद कायद्यात आहे, पण कोर्ट किंवा दंडाधिकारी लेखी कारण देऊन ती ठेवायलाही सांगू शकतात. नष्ट केली तरी ती ज्या ज्या प्रणालीत गेली होती, तिथून निघाली का, हे त्या माणसाने कोणाला विचारायचं?

आणि यादी एकदा बनली की तिचा वापर मूळ कामापुरता राहत नाही. दिल्लीची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथे चेहरा ओळखणारी प्रणाली २०१८मध्ये आली ती हरवलेली मुलं शोधायला, उच्च न्यायालयातल्या एका खटल्याच्या निमित्ताने. त्याच वर्षी पोलिसांनी न्यायालयात तिची अचूकता दोन टक्के सांगितली. पुढच्या वर्षी महिला व बालविकास मंत्रालयाने तर एक टक्क्याहून कमी सांगितली, आणि तिला मुलगा-मुलगी यातला फरकही कळत नाही, असंही सांगितलं. इतकी कच्ची प्रणाली गुंडाळून ठेवली जाईल असं वाटावं. पण डिसेंबर २०१९मध्ये तीच रामलीला मैदानावरच्या पंतप्रधानांच्या सभेत, आंदोलनांच्या चित्रीकरणातून काढलेल्या चेहऱ्यांशी श्रोत्यांचे चेहरे ताडून बघायला वापरली गेल्याच्या बातम्या आल्या. मार्च २०२०मध्ये गृहमंत्री अमित शहा यांनी लोकसभेत सांगितलं की, दिल्ली दंगलीतल्या ११००हून अधिक लोकांची ओळख या तंत्राने पटवली, आणि त्यासाठी मतदार ओळखपत्राची व वाहन परवान्याची माहिती त्यात घातली.

दंगलखोर पकडायलाच हवेत, यात वाद नाही. पण मतदार यादीत नाव घालताना किंवा आरटीओत परवान्यासाठी फोटो देताना आपण संशयितांच्या ओळख परेडीत उभे राहतोय, असं कोणी सांगितलं होतं का?

## यंत्र भविष्य सांगू लागलं की

गुन्हा होण्याआधीच तो कुठे होईल हे यंत्र सांगेल, ही कल्पना अमेरिकेत जोरात चालली आणि मग ओसरली. लॉस एंजेलिस पोलिसांनी असं सॉफ्टवेअर २०२०मध्ये बंद केलं. त्याच वर्षी सांताक्रूझ शहराने त्यावर बंदीच घातली.

त्यामागचं कारण महाराष्ट्राला पुस्तकातून शिकायची गरज नाही. यंत्र शिकतं ते पोलिसांच्या जुन्या नोंदींवरून. आता जुन्या नोंदींत कोण आहे? १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती, ज्यांना सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलं गेलं. कायदा ऑगस्ट १९५२मध्ये गेला, जमाती 'विमुक्त' झाल्या. संशय काही विमुक्त झाला नाही. आजही चोरी झाली की पारध्यांच्या पालावर पहिली गाडी जाते. जास्त वेळा गाडी गेली की जास्त अटका, जास्त अटका म्हणजे जास्त नोंदी. यंत्र या नोंदी वाचून म्हणणार, इथे धोका जास्त, इथे गस्त वाढवा. गस्त वाढली की पुन्हा नोंदी. पूर्वी हवालदाराच्या मनात असलेला पूर्वग्रह आता टक्केवारीच्या भाषेत बोलू लागतो, आणि आकड्याशी भांडणं हवालदाराशी भांडण्याहून अवघड असतं.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाविषयी निकाल देताना, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक होऊ नये, असं पोलिसांनाही बजावलं. असं सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याने निविदेच्या कागदाला तो निकाल जोडून ठेवायला हरकत नाही.

## "मी काही गुन्हा केलेला नाही, मला कसली भीती?"

इथवर यंत्र चुकतं म्हणून काय होतं ते पाहिलं. या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे: विल्यम्सनेही काही केलं नव्हतं. ई-चलानचा अनुभव असलेल्यांना आणखी सांगायला नको. कुणीतरी तुमच्या गाडीचा नंबर आपल्या गाडीवर लावतो, मोबाईलवर मेसेज येतो, चलान उघडलं तर फोटोत गाडी दुसऱ्याच रंगाची, चालवणारा दुसराच. तिथे निदान फोटो समोर असतो, तक्रार करायला जागा असते. चेहऱ्याची जुळणी झाली की मेसेज येत नाही. तुम्ही किती वेळा 'लागलात', कोणी बघून सोडून दिलं, हे तुम्हाला कधीच कळत नाही.

उरलेलं अर्धं उत्तर जास्त गंभीर आहे: यंत्र कधीच चुकलं नाही तर? मग चौकाचौकातल्या कॅमेऱ्यांतून तुमचा दिनक्रम आपोआप लिहिला जातो. कोणत्या डॉक्टरकडे गेलात, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या मोर्चात, कोणाच्या घरी किती वेळ. एकेक नोंद क्षुल्लक असते, पण ओळीने लावली की त्यात माणूस उघडा पडतो. पूर्वीही पोलीस कोणाच्याही मागावर साध्या वेशातला माणूस ठेवू शकत होते. पण एकामागे दोन-तीन शिपाई लागायचे, म्हणून खरोखर संशय असेल तिथेच ठेवत. पाळत महाग होती, हेच आपलं संरक्षण होतं. ते आता गेलंय.

याचा फटका गुन्हेगाराला कमी आणि तक्रार करणाऱ्याला जास्त बसतो. वाळूमाफियाविरुद्ध अर्ज देणारा, संपात उतरलेली अंगणवाडी सेविका, बातमीदाराला भेटणारा कारकून: यांच्यातल्या कोणी गुन्हा केलेला नाही. तरी आपला चेहरा नोंदला जातोय म्हटल्यावर यातले काहीजण घरीच थांबतील.

## "गुगलला सगळं देता, मग पोलिसांचंच वावडं का?"

गुगलला द्यावं असं कोणी म्हणत नाही. पण गुगल तुम्हाला कोठडीत टाकू शकत नाही. आणि फोन घरी ठेवून बाहेर पडता येतं, चेहरा ठेवून नाही. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहऱ्याची माळ फुटली तर जन्मभर तीच.

## मग काय, कॅमेरे काढून टाकायचे?

नाही. २६/११नंतर राम प्रधान समितीने मुंबईत कॅमेऱ्यांची गरज सांगितली, आणि २०१६पर्यंत शहरात सुमारे पाच हजार कॅमेऱ्यांचं जाळं उभं राहिलं. अपघात करून पळालेली गाडी, सोनसाखळी चोर, रिक्षात विसरलेली बॅग: त्यातून रोज काही ना काही सापडतं. घटना घडल्यावर, त्या जागेचं, त्या वेळेचं चित्रीकरण बघणं हा तपास झाला. काहीच घडलेलं नसताना येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा यादीशी ताडत राहणं म्हणजे अख्ख्या शहराची कायमची नाकाबंदी. कॅमेरा तोच असतो, म्हणून हा फरक खांबाकडे बघून कळत नाही.

आणि कॅमेरे लावले म्हणजे काम झालं, असंही नाही. प्रयागराजच्या २०२५च्या महाकुंभात अडीच हजारांहून जास्त कॅमेरे होते, गर्दी मोजणारं एआय होतं. तरी २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी झाली. प्रशासनाने त्या दिवशी ३० मृत्यू जाहीर केले. धोक्याची घंटा वाजली तरी लोंढा वळवायला रस्ता आणि माणूसबळ लागतं. नाशिकच्या नियोजनात पैसा कशावर आधी जातो, हे त्यासाठी बघायचं.

## कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर त्यासाठी कायदा हवा, हेतू रास्त हवा, आणि उपाय हेतूच्या मानाने बेतशीर हवा. पहिल्याच अटीवर गाडी अडते. पोलिसांनी चेहरा ओळखणारं यंत्र कधी, कुठे, कोणावर वापरावं, हे सांगणारा स्वतंत्र कायदा संसदेने अजून केलेला नाही. हैदराबादमधल्या एका सामाजिक कार्यकर्त्याला टाळेबंदीत पोलिसांनी मास्क काढायला सांगितला, आणि त्याने नकार दिल्यावरही फोटो काढला. पुढे त्याने तेलंगणा उच्च न्यायालयात नेमका हाच मुद्दा नेला.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये. पण गुन्ह्याचा प्रतिबंध आणि तपास यांसाठी वापरलेल्या माहितीला त्यातल्या संमती, सूचना, दुरुस्ती अशा बहुतेक तरतुदी लागू नाहीत. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी राहते. शिवाय केंद्र सरकार ठरावीक यंत्रणांना कायद्यातूनच पूर्ण सूट देऊ शकतं. दुकानदाराला तुमचा मोबाईल नंबर घेताना जेवढे नियम पाळायचे आहेत, तेवढेही तुमचा चेहरा घेणाऱ्या पोलिसांना नाहीत.

नियम करणं अवघड आहे, असं कोणी सांगितलं तर घरचंच उदाहरण आहे. एका माणसाचा फोन ऐकायचा असेल तर, तातडीचे प्रसंग सोडता, राज्याच्या गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवून वाढवून १८० दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि समिती त्याचा आढावा घेते. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये दिलेल्या निकालातून हे आलं. ही व्यवस्था गळकी आहे, महाराष्ट्राच्या राजकारणाने ते पुरेसं पाहिलंय. तरी आदेशावर सही कोणाची, हे विचारता तरी येतं. एका फोनसाठी सही लागते. लाखो चेहऱ्यांसाठी कोणाची?

ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०२०मध्ये अपील न्यायालयाने याच साउथ वेल्स पोलिसांचा वापर बेकायदा ठरवला, कारण यादीत कोणाला घालायचं आणि कॅमेरे कुठे लावायचे हे पोलिसांच्या मर्जीवर सोडलं होतं. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२५पासून सार्वजनिक जागी पोलिसांनी थेट चेहरा ओळखण्यावर बंदी आणली, बेपत्ता व्यक्ती, दहशतवादी हल्ला, गंभीर गुन्ह्यातले संशयित असे मोजके अपवाद ठेवून. त्या अपवादांनाही पूर्वपरवानगी लागते.

## आपल्या शहरात काय विचारता येईल?

दिल्लीचा तो ८० टक्क्यांचा आकडा माहिती अधिकाराच्या अर्जातून बाहेर आला. तसाच अर्ज नाशिक, पुणे किंवा नागपूर पोलीस आयुक्तालयात दहा रुपयांत करता येतो. व्यक्तींविषयी काही विचारू नका; ते नाकारायला कलम तयारच असतं. आकडे आणि कागद मागा. चेहरा ओळखणारी प्रणाली वापरात आहे का, कोणत्या आदेशाने, खरेदीआधीच्या चाचणीचा अहवाल कुठे आहे, साम्याची मर्यादा किती, कोणकोणत्या याद्यांशी ताडलं जातं, गेल्या वर्षी घंटा किती वेळा वाजल्या आणि त्यातल्या चुकीच्या किती, चित्रीकरण किती दिवस ठेवतात, कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ते दिसतं का.

शेवटी आणखी एक ओळ घाला: आयुक्तालयाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यांमधले किती कॅमेरे आज चालू आहेत? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२०मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावून चित्रीकरण शक्यतो १८ महिने जपून ठेवायला सांगितलं होतं, आणि सप्टेंबर २०२५मध्ये, ते चालू नसल्याच्या बातमीवरून न्यायालयाला पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करायचं असतं, आणि त्याला वेगळा वकील लागत नाही.